मत्स्यविनोद, दख्खनमधील

उपजीविकेसाठी अथवा व्यापारासाठी नव्हे, तर करमणूक म्हणून आणि कौशल्याची कसोटी म्हणून गळाने मासे धरण्याच्या छंदास मत्स्यविनोद म्हणतात. हा शब्द अलीकडे बनविलेला नाही; बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी तो याच अर्थाने रूढ होता. या छंदाची दोन रूपे सर्वत्र आढळतात. एकात छंदिष्ट मनुष्य गावाजवळच्या पाण्यावर चार घटका गळ टाकून बसतो व घरी परततो. दुसऱ्यात मित्रांची टोळी शिधासामग्री घेऊन नदीकाठच्या तंबूत किंवा भाड्याने घेतलेल्या नावेवर कित्येक दिवस मुक्काम करते. इतिहासाच्या दृष्टीने हे दुसरे रूप अधिक महत्त्वाचे आहे. कारण त्यासाठी केवळ काठी, दोरी व सवड पुरत नाही, तर मासे राखलेले विस्तीर्ण पाणी लागते. हे पाणी कोणी राखले, कोणासाठी राखले आणि राखताना कोणाला दूर ठेवले, हाच दख्खनमधील मत्स्यविनोदाच्या इतिहासाचा कणा आहे.

दख्खनच्या नद्यांचे स्वरूप याला कारण आहे. पुणे–नाशिक व कल्याण–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हे महामार्ग जेथे एकमेकांस छेदतात, त्या आळेफाट्याच्या (ता. जुन्नर, जि. पुणे) आसमंतात हे स्वरूप चांगले पाहावयास मिळते. ज्ञानेश्वरांनी वेद बोलविलेल्या रेड्याची समाधी जेथे दाखवितात, ते आळे गाव येथून जवळच आहे. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतून कुकडी, मीना आणि घोड या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावरून निघून पूर्वेकडे वाहतात. कुकडी व मीना यांचे पाणी पुढे घोडमध्ये व घोडचे भीमेत जाते. पावसाळ्यात दुथडी भरणाऱ्या या नद्या धरणे होण्यापूर्वी उन्हाळ्यात आटत आणि खडकाळ पात्रात ठिकठिकाणी डोह तेवढे उरत. नदीतले मोठे मासे वर्षाचे पाचसहा महिने या डोहांच्या आश्रयाने काढीत. साहजिकच ज्याच्या हाती डोह त्याच्या हाती नदीतले मासे, अशी स्थिती होती. समुद्रात किंवा बारमाही मोठ्या नदीत असे घडत नाही.

मत्स्यविनोदाचे या प्रदेशातील सर्वांत जुने व सविस्तर वर्णन मानसोल्लास (अभिलषितार्थचिंतामणि) या संस्कृत ग्रंथात आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. सु. ११२६–३८) याच्या नावावर असलेला हा ग्रंथ ११३० च्या सुमारास पूर्ण झाला. प्रत्येकी वीस अध्यायांच्या पाच विंशतींमध्ये त्याची विभागणी केलेली आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, या त्यातील उल्लेखामुळे तो मराठी वाङ्‌मयाच्या अभ्यासकांस परिचित आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांनी संपादिलेले त्याचे तीन खंड १९२५ ते १९६१ या काळात प्रसिद्ध झाले. चौथ्या विंशतीत राजाच्या करमणुकींचे वर्णन असून त्यांत मत्स्यविनोदाचा स्वतंत्र अध्याय आहे.

या अध्यायात गोड्या व खाऱ्या पाण्यातील सु. ३५ प्रकारच्या माशांची नावे, त्यांचे आकार व राहण्याच्या जागा सांगितल्या आहेत. पुढे कोणत्या माशास कोणते खाद्य घालावे, दोरी कोणत्या तंतूंची वळावी, गळ व काठी कशी असावी आणि गळास लागलेला मासा कसा खेळवावा, याचे विवेचन येते. भारतीय प्राणिवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या अध्यायाकडे मत्स्यशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. स्वतः होरा यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हिंदुस्थानातील खेळाच्या माशांवर दीर्घ लेखमाला लिहिली होती. त्यामुळे हा अध्याय केवळ ऐकीव माहितीवर बेतलेला नाही, हे ओळखण्याचा अधिकार त्यांना होता. इंग्लंडमध्ये गळाच्या छंदावरील पहिले छापील पुस्तक १४९६ मध्ये निघाले आणि आयझाक वॉल्टनचा विख्यात ग्रंथ १६५३ मध्ये; म्हणजे सोमेश्वराचा अध्याय पहिल्याहून साडेतीन शतकांहून अधिक जुना ठरतो. मात्र प्राचीनत्वाच्या अभिमानापेक्षा त्यातील एक गोष्ट अधिक लक्षणीय वाटते. त्यात खाद्याला दिलेले महत्त्व मोठे आहे. ज्या पाण्यातील मासे खाद्य घालून जोपासावयाचे, ते पाणी इतरांच्या जाळ्यापासून सुरक्षित असल्याखेरीज हा खटाटोप व्यर्थ आहे. राजाची करमणूक राजाने राखलेल्या पाण्यावरच होत असली पाहिजे.

रानातल्या व नदीकाठच्या लोकांची मासेमारी याहून अगदी निराळी होती. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी, ठाकर व कातकरी यांचा मुख्य हंगाम मृगाच्या पावसाबरोबर सुरू होतो. पहिल्या लोंढ्यासरशी मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध ओढ्यानाल्यांत व भातखाचरांत शिरतात. त्यांना चढणीचे मासे, तर कोकणात वलगणीचे मासे म्हणतात. ते बांबूच्या सापळ्यांत, हातजाळ्यांत किंवा नुसत्या हातांनीही धरतात. उन्हाळ्यात आटलेल्या डोहात रामेठ्यासारख्या वनस्पतींची साल ठेचून टाकण्याची व गुंगलेले मासे वेचण्याची रीतही होती. गळ किंवा गरी हे साधन या मंडळींपाशी होते. पण त्यात विनोद नव्हता, संध्याकाळच्या भाकरीबरोबरचे कालवण होते. मराठीत ‘गळाला लागणे’ हा वाक्प्रचार फसगतीच्या अर्थाने रूढ झाला आहे आणि राजकारणाच्या बातम्यांत तो रोज भेटतो. माशाशी झुंजण्याच्या आनंदावरून मात्र मराठीत एकही वाक्प्रचार तयार झालेला दिसत नाही, ही बाब बोलकी आहे.

राजाप्रमाणे देवानेही डोह राखले. इंद्रायणीकाठी देहू येथील डोहातील मासे भाविक धरीत नाहीत. रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळणकोंड हा डोह वरदायिनी देवीचा मानला जातो व त्यातील महसीर माशांना भाविक खाद्य घालतात. अशा डोहांत गळ टाकण्यास कोणालाच मुभा नसे. परंतु परिणामतः तेथे पोसलेल्या मोठ्या माशांची वीण नदीभर पसरे आणि देवस्थानाच्या हद्दीबाहेर कोळ्याला व छंदिष्टालाही तिचा लाभ मिळे. कायद्याने राखलेल्या पाण्यापेक्षा देवाच्या नावाने राखलेले पाणी अधिक काळ टिकले, असे म्हणता येईल. शहरी सांडपाण्यापुढे मात्र देवाचे नावही अपुरे पडते. देहूजवळ इंद्रायणीत मासे मरून तरंगण्याचे प्रकार अलीकडील वर्षांत घडले आहेत.

दख्खनच्या माशांचा शास्त्रीय अभ्यास विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) याच्यापासून सुरू होतो. माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याच्या गव्हर्नरपदाच्या काळात, १८२४ मध्ये, साइक्सची मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तांतकार म्हणून नेमणूक झाली आणि १८३१ पर्यंत त्याने पुणे, अहमदनगर इ. जिल्ह्यांत पाहणी केली. जमीन, पिके, लोकसंख्या यांच्या जोडीने त्याने पक्षी व मासेही जमविले. दख्खनमधील चाळिसांहून अधिक माशांचे वर्णन करणारा त्याचा निबंध १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिवैज्ञानिक सोसायटीच्या कार्यवृत्तात संक्षेपाने व १८४१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाला.

साइक्सने नव्या जातींना लॅटिन नावे हुडकीत बसण्याऐवजी मासे आणून देणाऱ्या मराठी माणसांच्या तोंडची नावेच बहुधा स्वीकारली. त्यामुळे खुद्री, मसळा, कोळस, नकटा, शिंगाळा, फुलंगी, मळ्या ही भीमेच्या खोऱ्यातली नावे, थोडीफार इंग्रजी वळणाने लिहिलेली, जगाच्या मत्स्यशास्त्रात कायमची दाखल झाली. रोहटी या नावावरून तर त्याने स्वतंत्र प्रजातीच स्थापिली. अपवादही आहेत: येथील मोठ्या अहिराला (गोड्या पाण्यातील वामीला) त्याने एल्फिन्स्टनचे नाव दिले. ज्यांनी नावे पुरविली ते कोळी व भोई निबंधात निनावीच राहिले. साइक्सच्या दोन जातींचा येथे विशेष संबंध पोहोचतो. बार्बस खुद्री ही त्याला पुण्याच्या मुळा-मुठेत मिळाली. बार्बस मुसुल्ला, म्हणजे मसळा, ही घोड नदीत शिरूरजवळ मिळाली. म्हणजेच जुन्नर व आंबेगावचे सर्व पाणी जेथून वाहत जाते तेथे. या दोन नावांचे पुढे जे झाले, ते ओघाने येईल.

खुद्रीची गणना आज टॉर प्रजातीत, म्हणजे महसीर माशांत, होते. दक्षिणी महसीर हा मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा आणि दिसायला देखणा मासा आहे. त्याच्या जबड्यांत दात नसतात, पण घशातील दातांनी तो शिंपले व खेकडे भरडून खातो. स्वच्छ, प्राणवायूयुक्त, वाहते पाणी आणि खडक-गोट्यांचा तळ त्याला मानवतो. पावसाळ्यात प्रवाह चढून वर जाऊन तो वाळूगोट्यांवर अंडी घालतो. प्रवाहात राहिल्याने त्याचे शरीर विलक्षण बळकट असते. गळ लागताच पहिल्या धावेतच तो दोरी सरसर उलगडीत खडकांच्या आडोशाला जातो आणि तेथे दोरी घासून तोडतो. या पहिल्या धावेसाठीच गळकरी शेकडो कोस प्रवास करीत.

मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ मध्ये मंगळूर येथून द रॉड इन इंडिया हा ग्रंथ प्रसिद्ध करून महसीरला कीर्ती मिळवून दिली. स्कॉटलंडच्या नद्यांतील सामन मासा हा गळाच्या छंदातील शिरोमणी मानला जात असता, बरोबरीच्या वजनाचा महसीर त्याहून अधिक झुंजतो, असे त्याने निक्षून सांगितले. या ग्रंथाच्या पुढे दोन आवृत्त्या निघाल्या. सैन्यातील, महसुलातील व बांधकाम खात्यातील इंग्रज अधिकारी तो वाचून नदीकाठी जाऊ लागले. त्यांच्या सफरी बहुधा पावसाळा ओसरून पाणी निवळल्यावर निघत आणि आठ-दहा दिवस चालत. एवढा मुक्काम हौसेखातर नसे. पाण्याचा रंग, उतार व ऊन यांनुसार महसीर खाद्य घेतो किंवा अजिबात घेत नाही. डोहाचा तळ, खडकांच्या जागा आणि माशाच्या येण्याजाण्याच्या वाटा कळण्यासच दोनतीन दिवस जात. डाकबंगला किंवा तंबू, सामान वाहणारे बैल, आचारी, आणि डोह ठाऊक असलेला गावातला कोळी अथवा भोई, असा सरंजाम असे. काठी विलायती, चक्री विलायती. पाणी मात्र या शेवटच्या माणसाच्या डोळ्यांनीच वाचावे लागे. आमिषासाठी छोटे मासे, धातूचा चकाकणारा चमचा किंवा कणकेचा शिजविलेला गोळा वापरीत. कावेरीकाठी कणकेऐवजी नाचणीचा गोळा वापरण्याची चाल पडली, व ती मूळची तेथील गावकऱ्यांची होती.

टॉमस आणि त्याचा समकालीन मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी नद्यांतील मासे घटत असल्याची तक्रार सातत्याने केली. सुरुंगाची दारू रस्ते, लोहमार्ग व धरणे यांच्या कामांबरोबर खेडोपाडी पोहोचली होती आणि डोहात तिचा स्फोट करून लहानमोठे सर्व मासे एकाच वेळी मारता येत. अशा प्रयत्नांतून १८९७ चा हिंदुस्थान मत्स्योद्योग अधिनियम आला. त्याने पाण्यात स्फोटके व विष वापरण्यास बंदी केली. स्फोटकांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि त्याच कायद्याने रामेठ्याची साल वापरणारा आदिवासीही अपराधी ठरला, आणि काठीने कितीही मासे मारणारा साहेब मात्र निर्दोष राहिला. डोह राखण्याचे काम राजा आणि देव यांच्यानंतर सरकारने हाती घेतले, ते असे.

सरकारच्या पाठोपाठ क्लब आले. मुंबईजवळ पवईचा तलाव १८९०–९१ च्या सुमारास पाणीपुरवठ्यासाठी बांधण्यात आला. परंतु त्याचे पाणी पिण्यास योग्य न ठरल्याने तो मासेमारीसाठी भाडेपट्ट्याने देण्यात आला. ब्रिटिश काळात स्थापन झालेली बॉम्बे प्रेसिडेन्सी अँग्लिंग असोसिएशन ही संस्था, पुढे महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन या नावाने, तेथे नांदली. सभासदत्व, परवाना, माशांची नोंदवही आणि तलावात कटला-रोहू यांचे बीज सोडणे ही तिची पद्धत. येथे नदीवरील मुक्कामाची जागा रविवारच्या सकाळीने घेतली आणि भारतीय मध्यमवर्गीयांचा या छंदात प्रथमच मोठ्या संख्येने प्रवेश झाला. नदीवरील सफरींची परंपरा संपली नव्हती. नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ मध्ये ए. सेंट जे. मॅक्डोनाल्ड याचे महसीर व अन्य माशांच्या पारधीवरील मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याआधी दोन वर्षे, १९४६ मध्ये, म्हैसूर परिसरात व्हॅन इंगेन याने १२० पौंडांचा (सु. ५४ किग्रॅ.) महसीर धरून विक्रम नोंदविला होता.

भाड्याच्या नावेवर कित्येक दिवस राहून मासे धरण्याचा प्रघात दख्खनमधला नव्हे. तो समुद्रावर व परदेशांत वाढला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरील सांता कातालिना बेटाजवळ चार्ल्स फ्रेडरिक होल्डर याने १ जून १८९८ रोजी हलक्या काठीने १८३ पौंडांचा (सु. ८३ किग्रॅ.) कुपा मासा धरला आणि त्याच वर्षी तेथे ट्यूना क्लब स्थापन झाला. पाहुण्यांना नाव, काठ्या व आमिष भाड्याने देणारे नावाडी हा तेथे एक नवा व्यवसायच बनला. पुढे सॅन डिएगो बंदरातून मेक्सिकोच्या पाण्यापर्यंत आठ-दहा दिवसांच्या सफरी निघू लागल्या. त्यांसाठी निजण्याच्या फळ्या, जिवंत आमिषाची टाकी आणि मासे ठेवण्याची शीतकोठी असलेल्या खास नावा बांधण्यात आल्या. मित्रांनी वर्गणी काढून अख्खी नाव ठरवावयाची आणि कप्तान नेईल तेथे जावयाचे, अशी ही रीत आहे. विक्रमांचे नियम ठरविणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झाली.

कोकण किनाऱ्याला सुरमई व कुपा यांची वाण नसूनही तेथे हा प्रघात रुजला नाही. कोळ्याची होडी ही त्याचे शेत असते. हंगामातला दिवस हौशी पाहुण्यांना देणे त्याला परवडत नाही आणि हंगाम नसतो तेव्हा समुद्र खवळलेला असतो. पावसाळ्यातील मासेमारीबंदी तर कायद्यानेच आहे. गोव्यात पर्यटनाच्या वाढीबरोबर एका दिवसाच्या सफरी निघू लागल्या. कित्येक दिवसांच्या सफरींसाठी मात्र महाराष्ट्रातील हौशी मंडळींना अंदमानकडे पाहावे लागते.

नद्यांवर याहून मोठे स्थित्यंतर घडले. कुकडी प्रकल्पाखाली कुकडीवर माणिकडोह व येडगाव, मीनेवर वडज, घोडवर डिंभे आणि कुकडीच्या उत्तरेकडील उपनदीवर पिंपळगाव जोगे अशी पाच धरणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधण्यात आली. त्याखेरीज भीमेवर उजनीचा विस्तीर्ण जलाशय झाला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि करमाळा या भागांतील शेतीला त्यांचे पाणी मिळाले. आळेफाट्याच्या बाजारपेठेची भरभराटही बव्हंशी त्याचेच फळ आहे. माशांच्या दृष्टीने मात्र आटणारी नदी आणि भरलेला डोह ही जुनी जोडी मोडली. डोह पाण्याखाली गेले, वाहत्या पाण्याच्या जागी स्थिर पाणी आले आणि भिंतींमुळे चढणीची वाट बंद झाली. अंडी घालण्यासाठी समुद्राकडे जाणाऱ्या अहिराला बंगालच्या उपसागराची वाट आधीच लांबची होती. ती आता ठिकठिकाणी अडली. जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्यात आले. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया मासाही पसरला आणि उजनीत तर त्याने जम बसविला. मत्स्योत्पादन वाढले असले, तरी नदीतल्या मूळच्या माशांना त्याचा उपयोग नाही.

नव्या पाण्याचा धनी कोण, हा प्रश्न डिंभे येथे तीव्र झाला. धरणाने घरे व भातखाचरे गमावलेली महादेव कोळी व कातकरी कुटुंबे जलाशयाच्या काठावरच राहिली. जलाशयातील मासेमारीचे हक्क शासन ठरावीक मुदतीच्या ठेक्याने देते. त्यामुळे ज्यांच्या जमिनीवर पाणी उभे राहिले, त्यांनाच त्या पाण्यात जाळे टाकण्यास परवानगी मागावी लागे. ‘शाश्वत’ या संस्थेच्या साहाय्याने तेथील आदिवासींनी मच्छीमार सहकारी संस्था उभारून हा हक्क मिळविला, बोटुकली वाढविण्यासाठी पाण्यात पिंजरे बसविले आणि पाणी ओसरलेल्या काठावर भातही घेतले. या कार्यास २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये जुन्नर तालुका पर्यटन तालुका म्हणून घोषित झाल्यापासून या जलाशयांकडे करमणुकीचे स्थान म्हणून पाहण्याची दृष्टी वाढली आहे. येथे नावा ठरवून मत्स्यविनोदाच्या सफरी निघावयाच्या असतील, तर त्या मच्छीमार संस्थांच्या संमतीने व त्यांच्याच नावांतून निघणे न्यायाचे होईल. वर सांगितलेल्या इतिहासात पाणी ठाऊक असलेल्या माणसाला आतापर्यंत मजुरीपलीकडे फारसे काही मिळालेले नाही.

महसीर टिकविण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न लोणावळ्यास झाला. टाटा वीज कंपन्यांनी खोपोलीचे वीजगृह (१९१५) व पुढील प्रकल्प यांसाठी मावळ-मुळशीत तलाव बांधले होते. त्यांपैकी मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१–२४ मध्ये सत्याग्रह झाला होता. याच कंपन्यांनी १९७० नंतर वळवण येथे महसीरचे बीजोत्पादन केंद्र चालविले. राज्याचे माजी मत्स्योद्योग संचालक चं. वि. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी पक्व नर-मादीपासून अंडी व शुक्र काढून कृत्रिम फलन घडविण्याची रीत तेथे बसविली. महसीरची फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने दूरवर पाठविता येतात, हेही त्यांनी सिद्ध केले. पाण्याच्या पिशव्या वाहण्यापेक्षा हे कितीतरी सुटसुटीत होते. येथील खुद्रीची लाखो बोटुकली देशातील अनेक नद्या-जलाशयांत सोडण्यात आली. त्यांत कावेरीही होती.

कावेरीवर १९७७–७८ मध्ये तीन इंग्रज गळकऱ्यांनी केलेल्या सफरीनंतर महसीरच्या छंदाचे पुनरुज्जीवन झाले. कर्नाटकात भीमेश्वरी, गालीबोरे व दोड्डमकळी येथे नदीकाठी मुक्कामाच्या छावण्या चालू झाल्या. धरलेला मासा वजन करून परत सोडावयाचा, हा तेथे दंडक होता आणि पूर्वी चोरटी मासेमारी करणाऱ्या काहींना तेथे वाटाडे म्हणून काम मिळाले. अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकण्यास पुढे मनाई झाल्याने २०१० नंतर हा प्रकार बंद पडला. छावणीच्या नोंदवह्या मात्र शिल्लक राहिल्या. गालीबोरे येथील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. छावणीत धरलेल्या महसीरांची एकूण संख्या वाढत होती. पण ही वाढ निळसर परांच्या खुद्रीची, म्हणजे बाहेरून आणून सोडलेल्या माशाची होती. कावेरीचा मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महसीर त्याच काळात झपाट्याने घटत गेला होता. विक्रमी वजनांची ख्याती ज्याच्यामुळे झाली, तोच हा मासा.

त्याला शास्त्रीय नावही धड नव्हते. बराच काळ त्यास टॉर मुसुल्ला म्हणत. म्हणजे घोड नदीत शिरूरला मिळालेल्या मसळ्याचे नाव कावेरीच्या माशाला चिकटले होते. साइक्सचा मसळा हा मुळात महसीर नसून हिप्सेलोबार्बस या वेगळ्या प्रजातीतील मासा आहे, हे २०१३–१४ च्या सुमारास दाखवून देण्यात आले. कावेरीचा मासा म्हणजे टॉर रेमादेवी होय, हे २०१८ मध्ये निश्चित झाले आणि त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली. त्याच सुमारास खुद्रीला मात्र संकटग्रस्तांच्या यादीतून खाली आणून चिंतेचे कारण नसलेल्या वर्गात घालण्यात आले. एका खोऱ्यातील मासा वाचविण्याचा उद्योग दुसऱ्या खोऱ्यातील माशाच्या मुळावर आला. बीज सोडणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, पण प्रत्येक नदीचा महसीर निराळा असतो, हे ज्ञान त्यांना उपलब्ध नव्हते. आज ते उपलब्ध आहे.

भीमेच्या खोऱ्यात खुद्री हा मात्र मूळचा रहिवासी आहे. तो परत आणावयाचा झाल्यास बीज सोडल्याने काम भागणार नाही. त्याला चढण्यासाठी वाहते पाणी आणि अंड्यांसाठी गोट्यांचा तळ हवा. जुन्नर-आंबेगावात असे पाणी आता बहुधा धरणांच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्यालगतच उरले आहे. त्यातील घोडच्या उगमाकडचा काही भाग १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याला लागून आहे. जून महिन्यात पहिले लोंढे आले की जलाशयातून लहान मासे या ओढ्यांत अजूनही चढतात, आणि रात्री कंदील व टोपली घेऊन त्यांची वाट पाहणारी माणसे त्याच वाड्यांतली असतात.